अफूसम औषधे व मेंदूतील ग्राही

अफूपासून मिळणारी, अफूतील घटकांवर रासायनिक प्रक्रिया करून बनविलेली किंवा सर्वस्वी प्रयोगशाळेत संश्लेषित केलेली, परंतु मॉर्फिनासारखीच क्रिया करणारी द्रव्ये आणि ती ज्यांच्याशी बद्ध होऊन आपला परिणाम घडवितात ते तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) पटलावरील प्रथिनरूप ग्राही. या द्रव्यांना ओपिऑइड किंवा अफूसम द्रव्ये म्हणतात. मॉर्फीन, कोडीन, हेरॉइन, पेथिडीन, मेथॅडोन, फेंटानिल व ब्युप्रेनॉर्फीन ही त्यांपैकी प्रमुख होत. तीव्र वेदना शमविण्याच्या बाबतीत त्यांची बरोबरी करणारी औषधे अद्याप थोडीच आहेत. मात्र वेदनाशमनाबरोबर गुंगी, सुखभ्रम, बद्धकोष्ठता, श्वसनमांद्य आणि आसक्ती हे परिणामही त्यांच्या ठायी असतात. इष्ट परिणाम अनिष्ट परिणामांपासून वेगळे काढणे हे या क्षेत्रातील दोनशे वर्षांच्या संशोधनाचे ध्येय राहिले आहे. वेदना शमविणारा, सुख देणारा व श्वास मंदावणारा ग्राही मुख्यतः एकच आहे, हे त्या संशोधनाचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड फलित होय.

अफूपासून मॉर्फिनापर्यंत : खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणारा व हवेत सुकून तपकिरी होणारा चीक म्हणजे अफू. भूमध्य समुद्राच्या परिसरात तिचा औषधी उपयोग प्राचीन काळापासून माहीत होता. भारतात ती अरब व्यापाराबरोबर आली असे मानले जाते. संस्कृत वैद्यकात तिला ‘अहिफेन’ असे नाव मिळाले आणि शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथांत तिचा समावेश झाला. सतराव्या शतकात टॉमस सिडनम या इंग्रज वैद्यांनी अफूचा मद्यातील अर्क (लॉडनम) प्रचारात आणला. मात्र अफूतील क्रियाशील घटकांचे प्रमाण प्रत्येक नमुन्यात निराळे असल्याने मात्रा ठरविणे हा अंदाजाचा भाग होता. तीच मात्रा एका रुग्णाला अपुरी पडे, तर दुसऱ्याच्या जिवावर बेते.

फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्यांनी १८०४-०५ च्या सुमारास पाडरबोर्न येथे अफूतून एक स्फटिकी, अल्कधर्मी पदार्थ वेगळा केला. वनस्पतीतील क्रियाशील द्रव्य शुद्ध रूपात हाती आल्याचे हे पहिले उदाहरण असून अल्कलॉइडांच्या रसायनशास्त्राचा आरंभ येथूनच मानतात. झेर्ट्यूर्नर यांनी हा पदार्थ स्वतःवर व तीन तरुणांवर अजमावून पाहिला. १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी त्याला मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून नाव दिले. १८२७ पासून डार्मश्टाट येथील मेर्क यांनी मॉर्फिनाचे व्यापारी उत्पादन सुरू केले. प्येर रॉबीके यांनी १८३२ मध्ये कोडीन वेगळे केले. १८५३ च्या सुमारास त्वचेखाली टोचण्याची पिचकारी वापरात आली, तेव्हा निश्चित मात्रेचे शुद्ध औषध त्वरित रक्तात पोहोचविणे शक्य झाले. त्यामुळे वेदनाशमन जितके सुलभ झाले तितकीच आसक्तीही सुलभ झाली.

निर्धोक मॉर्फिनाचा शोध : अनिष्ट परिणाम मॉर्फिनाच्या रेणूच्या विशिष्ट भागाशी निगडित असतील आणि रेणूत फेरफार केल्यास ते टळतील, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. चार्ल्स ऑल्डर राइट यांनी १८७४ मध्ये लंडन येथे मॉर्फिनावर ॲसिटिलीकरणाची प्रक्रिया करून डायॲसिटिल मॉर्फीन बनविले. जर्मनीतील बायर कंपनीत १८९७ मध्ये ते पुन्हा तयार करण्यात आले आणि १८९८ मध्ये ‘हेरॉइन’ या नावाने खोकल्यावरील औषध म्हणून विक्रीस आले. मॉर्फिनाच्या मानाने ते सुरक्षित आहे, असा त्या वेळी समज होता. प्रत्यक्षात हेरॉइनाचा रेणू मेदात अधिक विद्राव्य असल्याने रक्त व मेंदू यांमधील रोध तो वेगाने ओलांडतो आणि मेंदूत त्याचे विघटन होऊन शेवटी मॉर्फीनच बनते. म्हणजे हेरॉइन हे मॉर्फीन मेंदूत लवकर पोहोचविण्याचे साधन ठरले. बायरने १९१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले, तर अमेरिकेने १९२४ मध्ये त्यावर बंदी घातली.

हाच अनुभव पुढेही आला. आतड्याचे आकुंचन कमी करणारे औषध शोधताना जर्मनीत पेथिडीन हाती आले (१९३९). त्याची रचना मॉर्फिनाहून दिसण्यात बरीच वेगळी असल्याने ते आसक्ती निर्माण करणार नाही असे प्रारंभी वाटले, पण तसे घडले नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये वापरात आलेल्या पेंटाझोसिनाबाबतही तीच निराशा पदरी पडली. पाउल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये संश्लेषित केलेले फेंटानिल मॉर्फिनाच्या ५० ते १०० पट प्रभावी होते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा मोठा उपयोग झाला, परंतु त्याच्या क्रियेची जात मॉर्फिनाचीच होती.

ग्राहीची कल्पना : औषधाचा परिणाम होण्यासाठी कोशिकेत त्याला बद्ध करणारे विशिष्ट स्थान असले पाहिजे, हा विचार जॉन लँग्ली व पाउल अर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला होता. अफूसम द्रव्यांच्या बाबतीत त्याला तीन गोष्टींनी बळ दिले. पहिली म्हणजे रेणूची घडण. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२५ मध्ये मॉर्फिनाची संरचना सुचविली आणि मार्शल गेट्स यांनी १९५२ मध्ये त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. अशा द्रव्यांच्या एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबांसारख्या दोन रूपांपैकी वामवलनी रूप प्रभावी, तर दक्षिणवलनी रूप निष्प्रभ असते. डावा हातमोजा उजव्या हातात बसत नाही, तसाच हा प्रकार होय. दुसरी गोष्ट म्हणजे एटॉर्फिनासारख्या द्रव्याची विलक्षण अल्प मात्रा. हत्ती व गेंडा यांसारख्या प्राण्यांना निश्चल करण्यास त्याचे काही मिलिग्रॅम पुरतात. तिसरी गोष्ट म्हणजे विरोधी द्रव्ये. मॉर्फिनाच्या रेणूतील नायट्रोजनाला जोडलेल्या मिथिल गटाच्या जागी ॲलिल गट आणल्यास मॉर्फिनाची क्रिया रोखणारे द्रव्य मिळते, असे आढळले. नालॉर्फीन (१९४२) आणि नंतर १९६१ मध्ये एकस्व घेतलेले नालोक्झोन ही त्याची उदाहरणे होत. विषबाधेने श्वास थांबत आलेल्या रुग्णाला नालोक्झोन टोचल्यास तो मिनिट-दोन मिनिटांत शुद्धीवर येतो. एकाच कुलपात बसणाऱ्या दोन किल्ल्यांपैकी एक ते उघडते व दुसरी नुसती अडकून राहते, असे मानल्याखेरीज या घटनेचा उलगडा होत नव्हता.

आर्नल्ड बेकेट व अ‍ॅलन केसी यांनी १९५४ मध्ये या स्थानाच्या आकाराचा आराखडाही सुचविला. तथापि ग्राही हे तोवर अनुमानच होते. ते प्रत्यक्ष दाखविण्यातील अडचण अशी, की मेंदूच्या ऊतकात औषध कोठेही चिकटते आणि खऱ्या ग्राहीशी बद्ध झालेला अंश त्यात हरवून जातो. ॲव्हरम गोल्डस्टाइन यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्ड येथे यावर तोड सुचविली. वामवलनी लेव्हॉर्फॅनॉल जे बंधन रोखते, पण दक्षिणवलनी डेक्स्ट्रॉर्फन जे रोखत नाही, तेवढेच खरे बंधन समजावे, ही ती तोड होय. त्यांच्या प्रयोगात असे बंधन एकूण बंधनाच्या सुमारे २ टक्केच भरले. कारण वापरलेल्या द्रव्याची किरणोत्सर्गी क्रिया पुरेशी प्रखर नव्हती.

ग्राहीचा शोध (१९७३) : या सुमारास अमेरिकेत व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांतील हेरॉइनाच्या व्यसनाने चिंता निर्माण केली होती आणि आसक्तीवरील संशोधनाला शासनाचे मोठे साहाय्य मिळू लागले होते. १९७३ मध्ये तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ग्राहीचे अस्तित्व सिद्ध केले. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी ट्रिटियमयुक्त नालोक्झोन वापरले, न्यूयॉर्क येथे एरिक सायमन यांनी एटॉर्फीन, तर स्वीडनमधील अप्साला येथे लार्श टेरेनियस यांनी डायहायड्रोमॉर्फीन वापरले. मेंदूच्या ऊतकाचा लगदा प्रखर किरणोत्सर्गी द्रव्यात ठेवून तो गाळायचा आणि सैलसर चिकटलेले द्रव्य थंड विद्रावाने झटपट धुऊन काढायचे, ही पर्ट व स्नायडर यांची रीत साधी पण निर्णायक ठरली. निरनिराळ्या औषधांची वेदनाशामक शक्ती व त्यांची बंधनशक्ती यांचा मेळ बसत असल्याचे दिसून आले. १९७८ चे लास्कर पारितोषिक स्नायडर, जॉन ह्यूझ व हान्स कॉस्टरलिट्झ यांना मिळाले. मूळ प्रयोग विद्यार्थिदशेत करणाऱ्या पर्ट यांना त्यातून वगळल्यामुळे वैज्ञानिक जगात बराच वाद झाला.

मेंदूच्या कोणत्या भागात ग्राही किती आहेत हे लवकरच मोजण्यात आले. नको असलेले परिणाम का टळत नाहीत, याचे पहिले उत्तर या मोजणीतच दडलेले होते. मध्यमस्तिष्कातील नालीभोवतीचा करडा भाग, थॅलॅमसाचा मध्यवर्ती भाग व मेरुरज्जूची पश्च शृंगे या वेदनेच्या मार्गावरील ठिकाणी ग्राही विपुल आढळले. भावनांशी संबंधित असलेल्या बदामाकृती केंद्रकात (ॲमिग्डाला) आणि श्वसन, खोकला व उलटी यांचे नियमन करणाऱ्या मस्तिष्कस्तंभातही ते होते. आतड्याच्या भित्तीतील तंत्रिकाजालातही ते आढळले. उंदराच्या अनुमस्तिष्कात (छोट्या मेंदूत) मात्र ते जवळजवळ नव्हते. रुग्णाला वेदना ‘आहे, पण तिचे काही वाटत नाही’ असा जो अनुभव मॉर्फिनाने येतो, त्याचा अर्थ या वाटणीवरून लागला. हे औषध वेदनेचा संदेश क्षीण करते आणि शिवाय त्या संदेशाला चिकटलेले दुःखही दूर करते. टोनी याक्श व टॉमस रूडी यांनी १९७६ मध्ये उंदराच्या मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात मॉर्फीन सोडून केवळ तेथूनही वेदनाशमन साधते असे दाखविले. मनुष्यात १९७९ पासून या मार्गाचा अवलंब होऊ लागला.

मेंदूतील अंतर्जात द्रव्ये : हॅगफिश या आदिम जबडाहीन प्राण्यापासून मनुष्यापर्यंत सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत हे ग्राही आढळतात. खसखशीच्या झाडाची गाठ पडण्याच्या शक्यतेखातर निसर्गाने ते राखून ठेवले असतील, हे संभवत नाही. तेव्हा शरीरात स्वतःचे असे काही द्रव्य असले पाहिजे. मेंदूतील नालीभोवतीचा करडा भाग विद्युत्‌ प्रवाहाने उद्दीपित केल्यास उंदरावर भुलीविना शस्त्रक्रिया करता येते, असे डेव्हिड रेनल्ड्झ यांनी १९६९ मध्ये दाखविले होते. हे वेदनाशमन नालोक्झोनाने अंशतः नाहीसे होते, असे हुदा अकिल व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळून आले. विद्युत्‌ प्रवाहाने मेंदूतूनच मॉर्फिनासारखे काही स्रवते, असा याचा अर्थ होता.

ते द्रव्य स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे सापडले. जर्मनीतून निर्वासित होऊन १९३४ मध्ये तेथे आलेले कॉस्टरलिट्झ गिनीपिगच्या आतड्याच्या आणि मूषकाच्या रेतवाहिनीच्या तुकड्यांवर अनेक वर्षे प्रयोग करीत होते. विद्युत्‌ उद्दीपनाने आकुंचन पावणारे हे तुकडे मॉर्फीन मिळताच शिथिल पडतात. ह्यूझ यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंचा अर्क याच तुकड्यांवर अजमावला. अर्काने ते शिथिल पडले आणि नालोक्झोन देताच पुन्हा आकुंचन पावू लागले. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांनी या अर्कातील दोन पेप्टाइडांची संरचना जाहीर करून त्यांना ‘एन्केफॅलिन’ (डोक्यातील) असे नाव दिले. दोन्ही पाच ॲमिनो अम्लांची असून पहिली चार (टायरोसीन, ग्लायसीन, ग्लायसीन व फिनिल-ॲलॅनीन) समान असतात. पाचवे एकात मिथिओनीन, तर दुसऱ्यात ल्यूसीन असते. टोकाच्या टायरोसिनाचे वलय मॉर्फिनाच्या एका वलयाशी जुळते आणि त्यामुळे झाडाचा रेणू प्राण्याच्या ग्राहीत बसतो.

मिथिओनीन एन्केफॅलिनाचा हाच क्रम पोष ग्रंथीतील बीटा-लायपोट्रोपीन या प्रथिनात ६१ ते ६५ या स्थानी असल्याचे ध्यानात आले. हे प्रथिन चोह हाओ ली यांनी पूर्वीच शोधलेले होते. १९७६ मध्ये ली यांनी उंटाच्या पोष ग्रंथीतून मिळविलेल्या ३१ ॲमिनो अम्लांच्या पेप्टाइडाला बीटा-एंडॉर्फीन हे नाव मिळाले. ‘एंडॉर्फीन’ म्हणजे अंतर्जात मॉर्फीन, ही संज्ञा सायमन यांची होय. गोल्डस्टाइन यांनी १९७९ मध्ये डायनॉर्फिनाचे वर्णन केले. जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन व हॉवर्ड फील्ड्स यांनी १९७८ मध्ये दात काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, औषध म्हणून दिलेल्या निष्क्रिय द्रव्याने मिळणारा आराम नालोक्झोनाने नाहीसा होतो असे आढळले. उपचारावरील विश्वासालाही मेंदूत रासायनिक आधार असतो, हे यावरून सूचित झाले.

ग्राहींचे प्रकार : सर्व अफूसम द्रव्यांची क्रिया एकसारखी नसते, हे लेक्झिंग्टन येथील आसक्ती संशोधन केंद्रातील विल्यम मार्टिन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले व १९७६ मध्ये ग्राहींचे प्रकार सुचविले. मॉर्फिनाच्या आद्याक्षरावरून म्यू आणि कीटोसायक्लॅझोसिनाच्या आद्याक्षरावरून कॅपा ही नावे पडली. त्यांनी सुचविलेला तिसरा, सिग्मा-ग्राही, पुढे या वर्गातून वगळण्यात आला. कॉस्टरलिट्झ यांच्या गटाने १९७७ मध्ये डेल्टा-ग्राहीची भर घातली. बीटा-एंडॉर्फीन म्यू व डेल्टा या दोहोंशी, एन्केफॅलिने विशेषतः डेल्टा-ग्राहीशी, तर डायनॉर्फीन कॅपा-ग्राहीशी बद्ध होते. कॅपा-ग्राहीमुळे वेदना कमी होते, पण सुखाऐवजी उद्वेग व भ्रम निर्माण होतो. त्यामुळे त्याच्यावर क्रिया करणाऱ्या औषधांचा उपयोग मर्यादित राहिला.

कोशिकेतील क्रिया : ग्राहीशी द्रव्य बद्ध झाले, की कोशिकेच्या आतील बाजूस असलेले जी-प्रथिन कार्यान्वित होते. त्यामुळे ॲडेनिलेट सायक्लेज या एंझाइमाची क्रिया मंदावते, पोटॅशियम आयनांचे मार्ग उघडतात व कॅल्शियम आयनांचे मार्ग मिटतात. परिणामी कोशिका सहजासहजी उद्दीपित होत नाही आणि तिच्या टोकाकडून होणारा संदेशवाहक द्रव्यांचा स्राव घटतो. अफूसम द्रव्यांची मूळ क्रिया अशी सर्वत्र निरोधकच आहे. मग सुख कसे निर्माण होते? स्टीव्हन जॉन्सन व ॲलन नॉर्थ यांनी १९९२ मध्ये याचा उलगडा केला. मध्यमस्तिष्कातील डोपामीन निर्माण करणाऱ्या कोशिकांवर शेजारच्या कोशिकांचा सतत अंकुश असतो. अफूसम द्रव्ये या अंकुश ठेवणाऱ्या कोशिकांनाच गप्प करतात आणि मोकळ्या झालेल्या कोशिकांतून डोपामीन अधिक स्रवते.

श्वसनाच्या बाबतीत तोच निरोध घातक ठरतो. श्वासाची लय निर्माण करणारा लंबमज्जेतील प्री-बॉट्झिंगर हा कोशिकासमूह १९९१ मध्ये ओळखण्यात आला. त्यातील अनेक कोशिकांवर म्यू-ग्राही असतात. मात्रा वाढते तशी श्वासाची लय मंदावते. त्याच वेळी रक्तातील वाढत्या कार्बन डाय-ऑक्साइडाची सूचना मस्तिष्कस्तंभाला क्षीण स्वरूपात मिळते. त्यामुळे गुदमरणाऱ्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही.

सह्यता व आसक्ती : औषध वारंवार घेतल्यास तोच परिणाम मिळविण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. हिला सह्यता म्हणतात. औषध थांबविल्यास अस्वस्थता, घाम, जुलाब व अंगदुखी असा त्रास होतो. एस. के. शर्मा, वर्नर क्ली व मार्शल निरेनबर्ग यांनी १९७५ मध्ये संवर्धित कोशिकांवरील प्रयोगांतून या दोन्ही गोष्टींचा एकच खुलासा दिला. मॉर्फिनाच्या संपर्कात दीर्घकाळ राहिलेल्या कोशिका दडपलेल्या ॲडेनिलेट सायक्लेजाची क्षमता वाढवून समतोल साधतात. औषध काढून घेताच ही वाढलेली क्षमता अनिर्बंधपणे प्रकट होते. मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरुलियस या कोशिकासमूहाची अशी अतिक्रिया औषध बंद केल्यावरच्या त्रासाच्या मुळाशी असते.

तथापि आसक्ती केवळ कोशिकेत सामावत नाही. व्हिएतनाममध्ये हेरॉइनाच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य मायदेशी परतल्यावर पुन्हा व्यसनाधीन झाले नाहीत, असे ली रॉबिन्स यांच्या पाहणीत आढळले. शेपर्ड सीगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हेरॉइनाची सवय झालेल्या उंदरांना मोठी मात्रा दिली, तेव्हा नेहमीच्या जागी सुमारे ३२ टक्के, तर नवख्या जागी सुमारे ६४ टक्के उंदीर मेले. सह्यतेचा काही भाग परिसराच्या ओळखीशी जोडलेला असतो, असा याचा अर्थ होय. काही काळ व्यसनापासून दूर राहिलेल्या व्यक्तीची सह्यता ओसरते. तुरुंगातून किंवा उपचार केंद्रातून सुटल्यावर तिने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर मृत्यू ओढवण्याचा धोका फार मोठा असतो.

जनुके व संरचना : १९९२ मध्ये क्रिस्तोफर एव्हन्स व ब्रिजित कीफर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे डेल्टा-ग्राहीचे जनुक मिळविले. पाठोपाठ म्यू व कॅपा यांची जनुकेही हाती आली. तिन्ही प्रथिने कोशिकापटलातून सात वेळा आरपार जातात आणि त्यांच्यात बरेच साम्य असते. १९९६ मध्ये कीफर यांच्या प्रयोगशाळेत म्यू-ग्राहीविरहित मूषक निपजविण्यात आले. त्यांना मॉर्फीन दिले असता वेदना शमली नाही, औषधाची ओढ लागली नाही आणि ते बंद केल्यावर त्रासही झाला नाही. शंभर वर्षे जे वेगळे करण्याची धडपड चालली होती ते एकाच दाराने आत येते, हे या प्रयोगाने निःसंदिग्धपणे दाखविले.

२०१२ मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने या ग्राहींच्या त्रिमितीय संरचना मिळाल्या. म्यू-ग्राहीची संरचना ब्रायन कोबिल्का व सेबास्त्यँ ग्रानिए यांच्या गटांनी निश्चित केली. तिच्यातील बंधनाची खोबण ऐसपैस व बाहेरच्या बाजूस उघडी असून अफूसम द्रव्ये तीत झटकन बसतात व झटकन सुटतातही. सोडियम आयनांमुळे विरोधी द्रव्यांचे बंधन वाढते व मॉर्फिनासारख्यांचे घटते, हे १९७०–८० या दशकातच आढळले होते. डेल्टा-ग्राहीच्या २०१४ मधील अधिक स्पष्ट संरचनेत तो सोडियम आयन ग्राहीच्या गाभ्यात बसलेला प्रत्यक्ष दिसला.

विलगीकरणाचे अलीकडील प्रयत्न : बद्ध झालेल्या ग्राहीला जी-प्रथिनाखेरीज बीटा-अरेस्टीन नावाचे प्रथिनही येऊन मिळते. लॉरा बोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या प्रथिनाविना वाढविलेल्या मूषकांत मॉर्फिनाने अधिक व दीर्घकाळ वेदनाशमन होते असे दाखविले. वेदनाशमन जी-प्रथिनामार्फत व श्वसनमांद्य अरेस्टिनामार्फत होत असावे, अशी आशा त्यातून निर्माण झाली. केवळ पहिल्या मार्गाकडे झुकणारी द्रव्ये घडविण्यात आली. त्यांपैकी ओलिसेरिडीन या औषधास अमेरिकेत २०२० मध्ये रुग्णालयीन वापरासाठी मान्यता मिळाली. पण श्वसनमांद्याचा धोका त्यालाही आहेच. त्याच वर्षी अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या फेरतपासणीत अरेस्टीन नसलेल्या मूषकांचा श्वासही मॉर्फिनाने मंदावल्याचे आढळले. हेरॉइनापासून चालत आलेली अपेक्षा अशा रीतीने पुन्हा एकदा अपुरी राहिली.

व्यवहारात अधिक उपयोग झाला तो ग्राहीच्या गुणधर्मांशी जुळवून घेणाऱ्या उपायांचा. व्हिन्सेंट डोल व मारी निस्वँडर यांनी १९६५ मध्ये हेरॉइनाच्या व्यसनावर दीर्घकाळ क्रिया करणाऱ्या मेथॅडोनाचा उपचार पुढे आणला. थिबेनापासून बनविलेले ब्युप्रेनॉर्फीन ग्राहीला घट्ट धरते, पण त्याला अंशतःच कार्यान्वित करते. त्यामुळे ओढ शमते आणि श्वसनमांद्य एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाही. २००५ मध्ये ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाली.

अतिरेक व दुर्भिक्ष : ग्राहीविषयीचे ज्ञान वाढत असतानाच त्याकडे दुर्लक्ष झाल्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. दीर्घकाळ स्रवणारे ऑक्सिकोडोन १९९६ मध्ये बाजारात आले आणि त्याची आसक्ती क्वचितच लागते असा प्रचार झाला. त्याच्या उत्पादक कंपनीने २००७ मध्ये दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. पुढे हेरॉइन व नंतर बेकायदा फेंटानिल यांचा फैलाव झाला. २०२२ मध्ये त्या देशात अफूसम द्रव्यांच्या अतिमात्रेशी संबंधित मृत्यूंची संख्या ८० हजारांहून अधिक होती. फेंटानिलाच्या घातक मात्रेवर नालोक्झोन उतारा ठरते. मात्र त्याची क्रिया अल्पकाळ टिकत असल्याने ते पुन्हा द्यावे लागण्याचा संभव असतो.

भारतात याच्या उलट चित्र दिसते. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. आजही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने खसखशीची लागवड होते आणि नीमच व गाझीपूर येथे शासकीय कारखाने आहेत. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमातील कडक तरतुदी व किचकट परवाने यांमुळे रुग्णालयांतील मॉर्फिनाचा वापर पुढील दशकात झपाट्याने घटला. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील असंख्य रुग्ण त्यापासून वंचित राहिले. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या वेदनाशामक सेवेने तोंडाने घेण्याचे मॉर्फीन घरोघरी सुरक्षितपणे वापरता येते हे दाखवून दिले. २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांसाठी परवान्यांची पद्धत सुटसुटीत करण्यात आली. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी वितरित होणाऱ्या, मॉर्फिनाच्या परिमाणात मोजलेल्या २९८·५ टन अफूसम औषधांपैकी अल्प उत्पन्नाच्या देशांना केवळ ०·१ टन मिळत होते.

या ग्राहीला पूर्णपणे टाळून वेदना शमविण्याचे प्रयत्नही चालू आहेत. परिघीय तंत्रिकांतील सोडियम आयनांचा एक मार्ग रोखणाऱ्या सुझेट्रिजिनास अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मान्यता मिळाली. कर्करोगासारख्या विकारांतील असह्य वेदनेवर मात्र मॉर्फिनाला सर्वार्थाने पर्याय ठरेल असे औषध अद्याप नाही. १९७७ मधील अत्यावश्यक औषधांच्या पहिल्या यादीत त्याला मिळालेले स्थान आजही कायम आहे.